दादांची दाढी

माझ्या दादांचा एकही फोटो नाही. दादा म्हणजे अब्बांचे वडील. ते १९८६ साली गेले, मी त्यानंतर दोन वर्षांनी जन्मलो. फोटो असलेली मतदार ओळखपत्रं १९९३ नंतर आली, आधार तर त्याच्याही फार पुढे. रेशनकार्डावर नाव होतं, चेहरा नव्हता. हजला गेले असते तर त्या निमित्तानं एखादा फोटो निघाला असता, पण गाद्या भरून हजचे पैसे जमत नाहीत. फुफी म्हणते, फोटो काढणं बरं नव्हे असं कुणा मौलवीनं सांगितलं होतं म्हणून त्यांनी काढला नाही. अब्बा म्हणतात, तसलं काही नव्हतं, तासगावला स्टुडिओत जायचं म्हणजे एक दिवस बुडायचा. मला अब्बांचं खरं वाटतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढची सगळी भानगड त्या न काढलेल्या फोटोपासून सुरू होते.

गेल्या वर्षी आम्ही तिघा मित्रांनी छोट्या व्हिडिओंची मालिका करायला घेतली. विषय, महाराष्ट्रातल्या मुसलमानांचे जुने धंदे. आतार, तांबोळी, मण्यार, शिकलगार, कलईवाले, पिंजारी. आडनावात धंदा शिल्लक आहे आणि घरात नाही, अशी आमची तिघांचीही घरं. तिघंही नोकरी करणारे. रविवारी रेकॉर्डिंग, रात्री जेवणं झाल्यावर एडिटिंग. पिंजाऱ्यांचा भाग साहजिकच माझ्याकडे आला. आम्ही नदाफ. कापूस पिंजणाऱ्याला आमच्या भागात कुणी पिंजारी म्हणतं, कुणी नदाफ.

अब्बांना मोबाइलसमोर बसवून मी अकरा मिनिटं बोलतं केलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार चांगलं बोलले. पावसाळा सरला की दादा पिंजण खांद्यावर टाकून निघायचे. पिंजण म्हणजे माणसाएवढी लांब कमान, तिला ताणून बांधलेली तात. ही तात जनावराच्या आतड्याची असायची. गावात शिरल्यावर दादा ओरडत नसत. तातीवर एक टोला मारायचे, टण्णकन. तो आवाज ऐकून बायका गाद्या बाहेर काढायच्या. वर्षभर अंगाखाली दबून कापसाचे गोळे झालेले असत. खोळ उसवायची, कापूस उन्हात घालायचा, मग सोप्यात बसून पिंजायचा. लाकडाच्या ठोकळ्यानं तात छेडली की ती कापसातून थरथरत जाते आणि गोळा सुटून त्याचा ढग होतो. नाकातोंडाला फडकं. संध्याकाळी भुवया पांढऱ्या. मग खोळ भरायची, दाभणानं टाके घालायचे. मजुरी थोडी पैशात, थोडी ज्वारीत. दिवाळीच्या आधीचा महिना आणि लग्नसराई हे कमाईचे दिवस, बाकी वर्ष रखडतच जायचं.

अब्बांचा आवाज होता, पण चित्र काय दाखवायचं? अकरा मिनिटं अब्बांचा चेहरा दाखवला तर तिसऱ्या मिनिटाला लोक पुढे जातात. बोलणाऱ्याच्या आवाजावर जी इतर दृश्यं टाकतात त्यांना या धंद्यात ‘बी-रोल’ म्हणतात. नाव फिल्मच्या काळातलं. सोळा मिलिमीटरच्या फिल्मला जोड दिसू नयेत म्हणून ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन रिळं वापरत, त्यातून ते आलं. आमच्याकडे बी-रोल शून्य होता. पिंजण विकून टाकलेलं, दादांचा फोटो नाही, आणि गादीची दुकानं आता फोमची.

मित्र म्हणाला, एआयला दे.

हे कसं चालतं ते ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आवाजाची फाइल चढवायची. यंत्र आधी बोलणं लिहून काढतं. मग प्रत्येक वाक्याचा मतलब धरून स्टॉक फुटेजच्या साठ्यात शोध घेतं. हे साठे म्हणजे जगभरच्या कॅमेरेवाल्यांनी आधीच काढून ठेवलेले तुकडे. धावणारी मुलं, उकळता चहा, हसणारी डॉक्टर, सूर्यास्त. काही फुकट, काही विकत. चार-पाच सेकंदांचे तुकडे निवडून यंत्र ते आवाजाखाली बसवून देतं. पूर्वी हे काम माणूस करायचा आणि अकरा मिनिटांसाठी त्याचे दोन दिवस जायचे. माझं काम चहा होईपर्यंत झालं होतं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही तिघं पोट धरून हसलो. ‘पिंजारी’ हा शब्द यंत्राला कळलाच नाही, त्यानं तो ‘पिंजरा’ ऐकला. माझे दादा गावोगाव फिरायचे या वाक्यावर सोनेरी पिंजऱ्यात दोन लव्हबर्ड. ‘कमान’ म्हटल्यावर ऑलिंपिकच्या थाटात बाण मारणारी एक गोरी मुलगी. कापसाचा ढग होतो म्हटल्यावर जत्रेतले गुलाबी बुढ्ढी के बाल. आणि गादी? अब्बा म्हणाले, ‘आमच्या अब्बांच्या हातची गादी पंचक्रोशीत नावाजलेली होती,’ तर पडद्यावर लाल मखमलीचं राजसिंहासन. आता यात यंत्राचीच चूक म्हणता येत नाही. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी आपणच म्हणतो. कुणीतरी हा अर्थ त्याच्या कानात भरला असणार.

या चुका निरुपद्रवी होत्या. त्या डोळ्यांत भरतात, म्हणून काढून टाकता येतात. शब्द बदलून लिहिले, दोनचारदा फिरवून विचारलं. बोंड उकलतानाचं दृश्य मिळालं, सुंदर होतं. पावसात भिजलेला मातीचा रस्ता मिळाला. तो बहुधा केरळातला असावा, पण पाऊस सरला एवढंच सांगायचं होतं, म्हणून राहू दिला. हे तुकडे आजही त्या व्हिडिओत आहेत आणि मला त्याचं काही वाटत नाही. बोंड कुणाचंही असलं तरी बोंडच.

एका ठिकाणी अब्बा सांगतात की दुपारी काम थांबलं की दादा गावातल्या मशिदीच्या ओट्यावर आडवे व्हायचे. यंत्रानं तिथं निळ्या घुमटाची भव्य मशीद ठेवली, मागे समुद्र, सहा मिनार. आमच्या गावची मशीद पत्र्याची होती. पलीकडे पिठाची गिरणी, ओट्यावर भुकटी उडून यायची. शोधाचे शब्द बदलले तर दिल्लीची जामा मशीद आली. आणखी बदलले तर वाळवंट आलं, उंटासकट. शेवटी ते वाक्य मी अब्बांच्या चेहऱ्यावरच ठेवलं.

आणि मग तो म्हातारा आला.

‘संध्याकाळी अब्बा घरी यायचे तेव्हा अंगभर कापूस असायचा,’ या वाक्यावर. सोनेरी तिरकं ऊन, हवेत तरंगणारे कण, जाळीची टोपी घातलेला, पांढऱ्या दाढीचा, सुरकुतलेला म्हातारा. तो हळूच मान वर करून पाहतो. पाच सेकंद. मी तो तुकडा चार-पाच वेळा मागे नेऊन पाहिला. माझ्या घशात काहीतरी आलं. लहानपणापासून मनात ज्या दादांची कल्पना केली होती ते अगदी असेच होते. मी तो तुकडा ठेवला. नुसता ठेवला नाही, थोडा संथ केला आणि खाली सारंगी टाकली.

रात्री साडेबाराला व्हिडिओ चॅनलवर चढवला आणि खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुवा टाकला. सकाळपर्यंत माशाअल्लाहंची रांग लागली होती. कुवेतहून, मिरजेतून, मुंब्र्यातून. फुफीनं रडणारे पाच चेहरे पाठवले. माझ्या चुलत बहिणीच्या मुलीनं त्या म्हाताऱ्याचा स्क्रीनशॉट काढून स्टेटस ठेवलं. खाली लिहिलं होतं, ‘मेरे परदादा’.

अब्बांनी काहीच लिहिलं नाही. ते ग्रुपवर लिहीत नाहीतच, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही. पुढच्या शनिवारी मी मिरजेला गेलो. जेवण झाल्यावर त्यांनी मोबाइल काढला, व्हिडिओ लावला, बरोबर त्या जागी आणून थांबवला आणि माझ्यापुढे धरला.

‘ये कौन है?’

मी सांगितलं, असं असं, हे स्टॉक फुटेज आहे, कंप्युटर शोधून देतो.

‘वो समझा मेरेकू. पर अब्बाकू दाढी कब थी रे?’

दादांना दाढी नव्हती. कधीच नव्हती. दर शुक्रवारी न्हाव्याकडे गुळगुळीत करून यायचे. पिंजणाऱ्याला दाढी ठेवून परवडत नाही, कापूस अडकतो. दादी थट्टेनं म्हणायची, दाढी रखते तो शामतक उसमें आधी उशी भर जाती. डोक्याला टोपी नाही, मुंडासं. कमरेला धोतर. नमाजाला तेवढा खिशातला रुमाल बांधायचे. अब्बा हे सगळं अगदी शांतपणे सांगत होते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी अब्बांना अकरा मिनिटं बोलतं केलं होतं, पण दादा दिसायला कसे होते हा प्रश्नच मी विचारला नव्हता. मला तो पडलाच नाही. कारण उत्तर माझ्याकडे आधीच होतं. म्हातारा मुसलमान, गरीब, कष्टाळू. म्हणजे दाढी, जाळीची टोपी, तिरकं ऊन. यंत्रानं माझ्यावर काही लादलं नाही. माझ्या डोक्यात होतं तेच त्यानं काढून दिलं, म्हणून तर मला ते इतकं पटलं. चुकीची गादी मला लगेच दिसली. चुकीचे दादा दिसले नाहीत.

नंतर मी थोडं वाचलं. चित्र आणि शब्द यांची सांगड घालणारी जी तंत्रं आहेत, त्यातलं एक गाजलेलं म्हणजे ओपनएआयनं २०२१ मध्ये जाहीर केलेलं क्लिप. इंटरनेटवरची चाळीस कोटी चित्रं आणि त्या प्रत्येकासोबतचा मजकूर अशा जोड्या त्याला शिकवल्या होत्या. कोणता शब्द कोणत्या चित्राच्या जवळ बसतो हे ते त्यातून शिकतं. माणसांनी जे चित्र ज्या शब्दाखाली टाकलं, तेच जवळ. मुसलमान कोण हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. कोणत्या फोटोखाली ‘मुस्लिम’ लिहिण्याची लोकांना गरज वाटली, एवढंच त्याला ठाऊक.

आणि ही गरज कधी वाटते? कॅमेरेवाला ईदला जामा मशिदीत जातो, हजारोंच्या रांगा टिपतो, ‘मुस्लिम’ असं लिहून साठ्यात टाकतो. बुरख्यातल्या बाईच्या फोटोखाली लिहितो. पण मुंडासं बांधून, गुळगुळीत दाढी करून, सोप्यात बसून कुणब्याची गादी भरणाऱ्या माणसाचा फोटो कुणी काढलाच असता, तर त्याखाली काय लिहिलं असतं? ‘भारतीय शेतकरी’. ‘ग्रामीण वृद्ध’. म्हणजे दादा त्या साठ्यात असते तरी ‘मुस्लिम’ म्हणून कधीच सापडले नसते. जो दिसायला मुसलमान वाटत नाही तो मुसलमानाच्या शोधात येत नाही, आणि जो येतो तो सगळ्यांचा प्रतिनिधी होऊन बसतो.

याला एआय येण्याची वाट पाहावी लागली असं मात्र नाही. लोकसंख्येची बातमी असो, शिष्यवृत्तीची असो की वक्फची, टीव्हीवर पाठमोऱ्या बुरखेवाल्या बायका आणि सजद्यात वाकलेल्या पाठी आपण वर्षानुवर्षं पाहतोय. वर्तमानपत्रं निदान खाली ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ असं बारीक अक्षरात छापतात. परदेशातही हे चालू होतंच. २०१७ मध्ये मुस्लिमगर्ल या संकेतस्थळानं गेटी इमेजेसबरोबर मिळून मुस्लिम बायकांचे साधे, रोजच्या जगण्यातले फोटो साठ्यात आणण्याचं काम हाती घेतलं, ते उगाच नव्हे. मजकुराच्या बाजूचं तर याहून वाईट. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात जीपीटी-३ ला ‘दोन मुसलमान आत शिरले’ अशा धर्तीचं अर्धं वाक्य शंभर वेळा पुरं करायला दिलं होतं. सहासष्ट वेळा त्यानं मारामारी किंवा हिंसा आणली. आमच्या वाट्याला निदान सारंगी आली.

मला जास्त त्रास दुसऱ्याच गोष्टीचा झाला. तो म्हातारा कुणीतरी आहे. बांगलादेशात असेल, बिहारात असेल, लाहोरात असेल. कुणी कॅमेरेवाल्यानं त्याला उन्हात बसवून मान वर करायला सांगितलं असेल. त्यालाही नातवंडं असतील. त्याच्याकडे बघून मी गहिवरलो, आणि त्याचं नाव मला ठाऊक नाही. दादांचा चेहरा मी घालवला तो घालवलाच, पण त्या माणसाचाही घेतला.

चॅनलवरून तो व्हिडिओ मी त्याच रात्री उतरवला. ग्रुपवर लिहिलं की ते आपले दादा नव्हेत, माझी चूक झाली. कुवेतच्या चाचांनी लिहिलं, ‘कोई बात नहीं बेटा, अच्छे लग रहे थे.’ भाचीचं स्टेटस चोवीस तासांत गेलं, पण तोवर तो फोटो आणखी दोघांनी आपल्याकडे ठेवला होता. मागच्या महिन्यात एका लग्नात चौथीतल्या एका पोराला मी विचारलं, आपले मोठे दादा कसे होते रे? त्यानं हनुवटीखाली हात नेऊन दाढी दाखवली.

खरे दादा आठवणारी दोनच माणसं उरली आहेत, अब्बा आणि फुफी. एकाचं वय एकाहत्तर, दुसरीचं सहासष्ट. त्या म्हाताऱ्याला वय नाही. तो पाच सेकंदांचा आहे आणि दर वेळी तसाच मान वर करतो. माझ्या पोटात गोळा येतो तो या हिशेबानं.

पुढच्या रविवारी अब्बांना घेऊन गावी गेलो. जुनं घर आता चुलत्यांच्या ताब्यात आहे, त्यात कडबा भरलेला. अब्बा आत गेले, वर पाहिलं आणि तुळईकडे बोट केलं. तिथं लोखंडी कडी होती, गंजलेली. पिंजण जड असतं, म्हणून घरी काम करताना दोरीनं त्या कडीला टांगायचे, भार हातावर येत नसे. ही कडी अब्बांनी रेकॉर्डिंगमध्ये सांगितलीच नव्हती. दिसली तेव्हा आठवली. चुलतीनं माळ्यावरून एक गादी काढून दिली, दादांच्या हातचीच असावी म्हणाली. अब्बांनी टाके पाहिले, कडेनं बोट फिरवलं आणि नाही म्हणाले. अब्बांचे टाके जवळ जवळ असायचे, ही कुणा दुसऱ्याची. मी तेही रेकॉर्ड केलं.

नवा व्हिडिओ सात मिनिटांचा आहे. एआय मी सोडलेलं नाही. बोंड आणि रस्ता त्यानंच दिलेले आहेत, आणि कोपऱ्यात ‘प्रातिनिधिक दृश्य’ असं लिहिलं आहे. मित्र म्हणतो, एवढ्याशा रस्त्याला काय पाटी लावायची. असू दे. माणसाचा चेहरा मात्र मी यंत्राकडून घेत नाही. जिथं दादांबद्दल बोलणं आहे तिथं कडी आहे, भिंत आहे, अब्बांचे हात आहेत. एका ठिकाणी वीस सेकंद काहीच नाही, नुसता रिकामा सोपा. तिथं लोक उठून जातात, आकडे मला दिसतात.

शेवटी अब्बा सोप्यात मांडी घालून बसले आणि दादा कसे पिंजायचे ते हवेतच करून दाखवायला लागले. डाव्या हातात नसलेलं पिंजण, उजव्या हातात नसलेला ठोकळा. तोंडानं आवाज काढत होते, टण्ण, ट्व्यँव, ट्व्यँव, टण्ण. मान तिरकी, डोळे बारीक केलेले, नाकात कापूस जाऊ नये म्हणून ओठ आवळलेले. एकाहत्तर वर्षांचा माणूस. फुफीला व्हिडिओ पाठवला तर तिचा फोन आला. म्हणाली, अब्बा ऐसाइच मुंह करते थे.

व्हिडिओखाली शब्द आपोआप उमटवण्याची सोय मी चालू ठेवली होती. अब्बांच्या त्या आवाजाला यंत्रानं कंसात लिहिलं, ‘संगीत’. मित्र दुरुस्त करायला निघाला होता. मी म्हटलं, तेवढं राहू दे.